तो येवो

फिनलंडमधल्या एस्पो शहरात माझ्या मुलीच्या घरासमोर लहान मुलांचं मैदान आहे. मी तिच्या बाळंतपणासाठी तिथे गेले होते. बाळ अडीच आठवड्यांचं, बाबागाडीत, आणि बाबागाडी उघड्या बाल्कनीत. बाहेर नऊ अंश. पहिल्या दिवशी मी यावरून चांगलीच भांडले होते. इतकंसं पोर असं गारठ्यात निजवतात का? पण फिनलंडमध्ये सगळेच तान्ह्या पोरांना बाहेर निजवतात, हिवाळ्यातसुद्धा, आणि पोरं गाढ झोपतात. मग मीही शाल गुंडाळून बाल्कनीत राखणीला बसायला लागले.

खाली मैदानात तीनेक वर्षांचा एक मुलगा डबक्यात फतकल मारून बसला होता. अंगात चिखलापाण्यासाठी असतो तसला रबरी पोशाख. त्याचा बाप लांबून हाका मारत होता, आणि मला अगदी स्वच्छ ऐकू आलं, "तो येवो! तो येवो!"

परमुलखात मराठी कानावर पडलं की माणूस आधी मान वळवतो. मी वाकून बघितलं. बाप पिंगट केसांचा, सहा फुटी, कुठल्याच अंगाने आपला वाटेना. शिवाय 'येवो' म्हणजे काय? पोराला 'ये' म्हणतात. 'येवो' हे निमंत्रणपत्रिकेतलं मराठी झालं.

मुलगी आत पोटाला शेक घेत पडली होती. तिला सांगितलं तर हसायला लागली, मग टाके दुखतात म्हणून थांबली. "आई, नाव आहे ते. तोइवो. म्हणजे आशा."

"मुलाचं?"

"मुलाचंच."

मी एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. नाव ऐकलं की माझ्या डोक्यात आपोआप रकाने आखले जातात: नाव, लिंग, दिनांक. 'आशा' लिहून पुढे 'पुरुष' असं मी कधी लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर साहेबांनी दुरुस्तीचा शेरा मारला असता.

आपल्याकडे नाव ठेवताना निम्मं काम व्याकरण करून टाकतं. आशा स्त्रीलिंगी, म्हणून मुलगी. आनंद पुल्लिंगी, म्हणून मुलगा. भरवसा तोच, पण 'विश्वास' झाला तर मुलगा आणि 'श्रद्धा' झाली तर मुलगी. फिनिश भाषेत नामाला लिंगच नाही. इतकंच काय, 'तो' आणि 'ती' यांनाही एकच शब्द आहे, हॅन. त्यामुळे कुठला शब्द मुलाला द्यायचा आणि कुठला मुलीला, हे भाषेने न ठरवता माणसांनी ठरवलं. आशा मुलाला गेली. नशीब, म्हणजे ओन्नी, तेही मुलाला. शांतता, म्हणजे राउहा, मुलीला. प्रेम, म्हणजे लेम्पी, तेही मुलीला. झुंज (ताइस्तो) आणि विजय (वोइत्तो) अर्थातच मुलांना, इथवर माणसं सगळीकडे सारखी. पण सुलो म्हणजे गोडवा, आणि तेही जुन्या वळणाचं पुरुषी नाव आहे. मिशीवाल्या शेतकऱ्याचं नाव गोडवा! मला हे फार आवडलं.

आणि ते 'तो येवो' मी चुकीचं ऐकलं खरं, पण डोक्यातून जाईना. मराठीत आशेची जागा क्रियापदाच्या शेपटीला आहे. येवो, होवो, मिळो, लाभो. एक ओकार लावला की साधं वाक्य मागणं होतं. त्यांनी तेच मागणं उचलून त्याचा एक अख्खा मुलगा केला होता.

बाळाला अजून नाव नव्हतं. आपल्या हिशेबाने बारसं टळून गेलेलं, कारण मुलगी म्हणाली जरा उभी राहू दे मला. तिथे जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत नाव कळवावं लागतं. आपल्या कायद्यात रकाना रिकामा ठेवून जन्म नोंदवता येतो, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं आणि नंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. मी दहावीचा फॉर्म भरायला आलेली, नोंदवहीत बिननावाचीच असलेली पोरं पाहिली आहेत. दाखल्यावर फक्त 'अमक्याचा मुलगा'. तेव्हा तीन महिने म्हणजे मला घाईच वाटली. फिन लोक मात्र तोवर बाळाचं नाव कुणालाच सांगत नाहीत. समारंभात ते पहिल्यांदा उच्चारलं जातं, मग तो समारंभ चर्चचा असो की घरगुती. आत्याने कानात 'कुर्रर्र' करायच्या आधी नाव फुटता कामा नये, तसलंच काहीसं.

एका रविवारी मुलीच्या फिनिश भाषेच्या बाई बाळाला बघायला आल्या. साठीच्या, निवृत्तीला टेकलेल्या. येताना घरी केलेली पुल्ला आणली. गोड पाव म्हणा, पण पिठात भरड कुटलेली वेलची. घरभर वास सुटला आणि मला एकदम दिवाळीच्या आधीचं स्वयंपाकघर आठवलं. वेलची इतक्या उत्तरेत कशी रुजली देवजाणे, पण त्यांच्या कॉफीसोबत तीच लागते.

मी मुलीमार्फत त्यांना तोइवोबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्या लहानपणी हे म्हाताऱ्यांचं नाव होतं. वर्गात एकही तोइवो नव्हता. तोइवो म्हणजे काठी घेऊन बसथांब्यावर बसलेले आजोबा. आता पुन्हा पाळण्यात आलंय. तिथे म्हणे नाव तीन पिढ्या झोपतं. आईबापाच्या पिढीची नावं शिळी वाटतात, आजोबांची हास्यास्पद, पणजोबांची पुन्हा सुंदर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगाव तोइवो होते, म्हणून आता त्यांचे पणतू तोइवो.

त्यांच्या आजोबांचंही मधलं नाव तोइवो. हिवाळी युद्धात गेले. ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४०, एकशेपाच दिवस, समोर सोव्हिएत संघ. बाईंचे वडील तेव्हा पाळण्यात. फिनलंडने मेलेले सैनिक आघाडीवर न पुरता शक्यतो आपापल्या गावी परत नेले, म्हणून बहुतेक प्रत्येक चर्चच्या आवारात सारख्या दगडांच्या रांगा असतात. बाईंनी हे सांगितलं आणि कॉफीचा घोट घेतला. मला काय बोलावं सुचेना. मग त्याच चेहऱ्याने त्या म्हणाल्या, आमच्यात एक म्हण आहे: "तोइवोस्सा ओन ह्युवॅ एलॅ, सानोइ लापामातो."

मुलगी पुन्हा हसू आवरायला लागली. अर्थ असा: 'आशेत राहणं बरं असतं, म्हणाला पट्टकृमी.' फिनिशमध्ये '-स्सा' म्हणजे आपली सप्तमी, 'घरात'मधला 'त'. 'तोइवोस्सा' म्हणजे आशेत, आणि 'तोइवोस्सा' म्हणजे तोइवोच्या आत, त्याच्या आतड्यात. जंताच्या दृष्टीने वाक्य शब्दशः खरं. आपणही 'आशा वेडी असते' म्हणतो, पण तिच्या पोटात जंत सोडण्याचं धाडस आपल्याला झालं नाही.

*

या नावामागची गोष्ट मला माझ्या जुन्या टेबलाजवळची वाटली, कारण ती वहीपासून सुरू होते.

फिनलंड सहाशेहून अधिक वर्षं स्वीडनच्या ताब्यात होता, १८०९ नंतर रशियाच्या झारच्या. जन्म-मृत्यूच्या वह्या चर्चमध्ये असत, १६८६ च्या चर्च कायद्याने त्या सक्तीच्या केल्या होत्या, आणि पाद्री त्या लिहीत स्वीडिशमध्ये. घरी मुलाला युहानी म्हणत, वहीत 'युहान'. घरी मात्ती, वहीत 'मात्स'. म्हणजे माणसाचं एक नाव तोंडातलं, दुसरं कागदातलं. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे एखादी म्हातारी 'गंगू' म्हणून सांगे आणि बाजूचा शिकलेला पुतण्या 'गंगाबाई लिहा' म्हणून दटावे. मी कोणाचं ऐकायचे? पुतण्याचं. आता त्याची लाज वाटते.

एकोणिसाव्या शतकात हवा पालटली. एलियास ल्योनरोत नावाच्या डॉक्टरने खेडोपाड्यांतली गाणी गोळा करून १८३५ साली 'कालेवाला' छापलं, आणि आपली भाषा केवळ शेतमजुरांची नाही हे लोकांना कळलं. मग पाळण्यात फिनिश नावं यायला लागली. काही महाकाव्यातली, वाइनो, इल्मारी, आइनो. काही सरळ शब्दकोशातली, तोइवो त्यांतलं. १२ मे १९०६ रोजी, फिनिश भाषेचा कैवारी योहान विल्हेल्म स्नेलमान याच्या जन्मशताब्दीला, हजारो कुटुंबांनी एकाच दिवशी आपली स्वीडिश आडनावं टाकून फिनिश आडनावं घेतली. स्नेलमान स्वतः मात्र स्नेलमानच राहिला, तो बिचारा आधीच वारला होता. १९०८ साली तिथल्या पंचांगातल्या नामदिनांच्या यादीत फिनिश नावं भरभरून आली. तिथे वर्षाचा जवळजवळ प्रत्येक दिवस कुणाच्या तरी नावाचा असतो आणि त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला कॉफी-केक मिळतो. पंचांगात आलं म्हणजे नाव कायदेशीर झालं, अशी भावना असणार. त्या भावनेवर तर आमची खुर्ची चालायची.

पण 'तोइवो' शून्यातून काढलेलं नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त रेंगाळायचं आहे ते इथे. ख्रिस्ती होण्याआधी फिन आणि एस्टोनियन लोकांची स्वतःची नावं होती आणि ती अशाच मनातल्या शब्दांची बनत. मन, प्रेम, इच्छा, दूर, आशा. एस्टोनियनांचा १२१७ साली जर्मन धर्मयोद्ध्यांशी लढताना पडलेला पुढारी लेंबितू, त्याच्या नावात 'प्रेम' आहे. त्याच कुळातलं एक जुनं नाव होतं तोइवोत्तु. म्हणजे जो हवा होता तो. मागून घेतलेला. हवासा.

हे मुलीने वाचून दाखवलं तेव्हा मी काही क्षण गप्प होते. माझ्या वहीत याच्या बरोबर उलटं नाव होतं. नकुशा. तिसरी-चौथी मुलगी झाली की ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो म्हणे. २०११ साली सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा २८५ मुलींची नावं बदलली, तेव्हा ते सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आलं. आमच्याकडेही होत्या, दुसऱ्या जिल्ह्यात. बाप नाव सांगताना वर बघायचा नाही. मी शाई लावून लिहायचे. तेव्हा मला एकदाही वाटलं नाही की जरा थांबावं, विचारावं, "दुसरं काही लिहू का?" तो माझा अधिकार नव्हता हे खरं. पण विचारायला अधिकार कशाला लागतो?

आणि त्याच वह्यांत दुसरीही एक जात होती: दगडू, धोंडू, केरू, उकिरडा. हीही ऐकायला टाकाऊ नावं, पण यांचं गणित निराळं. आधीची दोन-तीन पोरं गेलेली असली की आई पुढच्याला दगड म्हणायची. दगड कोण नेतो? यमाची नजर चुकवायची. म्हणजे इतकी आशा, की ती उघड बोलायचीसुद्धा भीती. फिनलंडचे लोकही काही सुखात नव्हते. १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात तिथला साधारण दर बारावा माणूस मेला. झाडाच्या सालीचं पीठ करून भाकरी खाल्ली. तशा देशातल्या एका आईने त्यानंतर पोराचं नाव सरळ, मोठ्यांदा, पाद्र्यासमोर 'आशा' ठेवलं. कुणाची नजर लागेल म्हणून लपवलं नाही. मी दोन्ही बायांच्या जागी बसून बघितलं. कोण जास्त धीट ते मला अजून ठरवता येत नाही.

*

एक दिवस बाबागाडी घेऊन आम्ही मेट्रोने हेलसिंकीत गेलो, हिएतानिएमीच्या दफनभूमीत. समुद्राकाठी, मोठाल्या झाडांखाली. तिथे लोक फिरायला येतात, बाकावर बसून डबा खातात. आपल्या स्मशानात असं पाय मोकळे करायला कोण जातं? मला मात्र नोंदवही उघडल्यासारखं झालं. नाव, जन्म, मृत्यू, बस्स. सैनिकांच्या रांगांतून मी नावं वाचत गेले, आणि तोइवो दिसला की मुलीला दाखवत गेले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आई, पुरे."

तोइवो कूला हा संगीतकारही तिथेच आहे. १८८३ चा जन्म, फिनलंडचा थोर संगीतकार सिबेलियस याचा शिष्य, ओस्त्रोबोथ्नियाच्या सपाट शेतमुलखातली लोकगीतं गोळा करणारा. १९१८ साली फिनलंडमध्ये यादवी झाली, गोरे (म्हणजे सरकारच्या बाजूचे) विरुद्ध लाल (म्हणजे समाजवादी). एप्रिलच्या शेवटी गोऱ्यांनी वीपुरी शहर घेतलं आणि मे दिनाच्या आदल्या रात्री विजयाची मेजवानी ठेवली. कूला गोऱ्यांच्याच बाजूचा. त्या मेजवानीत शब्दाला शब्द लागला, आणि आपल्याच बाजूच्या एका सैनिकाने त्याच्या डोक्यात गोळी घातली. अठरा मेला तो गेला, चौतिसाव्या वर्षी. शत्रूच्या नाही, जिंकलेल्या मित्राच्या गोळीने. त्याची अर्धी राहिलेली एक मोठी रचना पुढे त्याचा मित्र लेवी मादेतोया याने पुरी केली.

आणखी दोन तोइवो मला एकाच पानावर सापडले. तोइवो अंतिकाइनेन, कट्टर लाल, रशियात जाऊन सैन्याधिकारी झालेला. १९३४ साली छुप्या कामासाठी फिनलंडमध्ये असताना पकडला गेला, खटला गाजला, जन्मठेप झाली. आणि त्याला पकडलं तेव्हा देशाचा पंतप्रधान कोण? तोइवो मिकाएल किविमॅकी. एक आशा खुर्चीत आणि एक कोठडीत. हिशेब एवढ्यावर मिटत नाही. १९४० साली अंतिकाइनेनला सोडून सोव्हिएत संघात पाठवलं आणि पुढच्याच वर्षी तो विमान अपघातात गेला. महायुद्ध संपल्यावर, युद्धाला जबाबदार म्हणून ज्या नेत्यांवर खटले भरले त्यांत किविमॅकीही होता. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तोही आत.

सगळेच असे नव्हेत. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये तोइवो लौकोला अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत पहिला आला, आणि त्याच्या मागे दुसरा कोण, तर खुद्द पावो नुर्मी, ज्याच्यापुढे तेव्हा जगात सहसा कुणी पळत नसे. आपल्या जुन्या सुभाषितात आशा नावाची एक अजब साखळी आहे, तिने बांधलेला धावतो आणि सुटलेला पांगळ्यासारखा बसून राहतो. शाळेत पाठ केलं होतं. लौकोलाचा फोटो बघताना ते मनातल्या मनात म्हणून घेतलं.

मुलीच्या इमारतीत त्या महिन्यात सगळे नळ उपसून नवे घालत होते. तिकडे असल्या कामावर एस्टोनियाची माणसं पुष्कळ असतात, समुद्र ओलांडला की दोन तासांत हेलसिंकी. मुकादम पाणी बंद करायची वेळ सांगायला आला, त्याला मी तोइवोचं विचारायला लावलं. त्याच्या सासऱ्याचं नाव तेच निघालं. पण त्यांच्या भाषेत आशेला तोइवो म्हणत नाहीत. त्यांचा शब्द 'लोओतुस'. (माझ्या कानाला 'लोटस'. त्या भाषा माझ्या कानाशी खेळायलाच बसल्या होत्या.) म्हणजे एस्टोनियात तोइवो हे शेजारून उसनं आणलेलं नाव. सोव्हिएत राजवटीत ताल्लिनच्या गच्च्यांवरच्या अँटेना फिनलंडकडे तोंड करून असत, लोक फिनिश टीव्ही बघत भाषा शिकले. त्यांना अर्थ कळायचा. पण हाक मारताना शब्द नुसता नावच. मुकादम खांदे उडवून म्हणाला, सासरा चांगला माणूस आहे, अर्थाचं काय करायचंय.

अमेरिकेत या नावाची वेगळीच गंमत झाली. मिशिगनच्या उत्तरेला तांब्याच्या खाणींत फिन मजूर गेले, तिथे तोइवोला नावाचं गाव आहे. आणि 'एइनो आणि तोइवो' ही तिथल्या विनोदातली जोडगोळी आहे, आपल्या बंड्या-गंप्यासारखी. दोघे मासे पकडायला जातात आणि बर्फाला भोक पाडताना काहीतरी मूर्खपणा करतात. आशेचा शेवट गंप्यात होतो म्हटल्यावर मी चिडले, मग चार विनोद ऐकले आणि हसले.

*

निघताना दारात बाई म्हणाल्या होत्या, "आमच्या या नावाचा सगळ्यात मोठा माणूस आमच्या देशातला नाहीच." कोण ते सांगितलं नाही. शिक्षकी खोड, घरचा अभ्यास दिला.

तो निघाला नामिबियातला. अंदिम्बा तोइवो या तोइवो. 'या' म्हणजे 'चा'. तोइवोचा तोइवो, बापही तोइवो आणि मुलगाही. आता आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला फिनिश शब्द कसा पोचला? तर १८७० साली फिनिश मिशनचे पहिले लोक बैलगाड्यांतून ओवाम्बो मुलखात उतरले. बाप्तिस्म्याला ते आपल्या मायदेशातली नावं देत. म्हणून आजही तिथे आइनो, हेल्मी, राउहा, मार्त्ती सापडतात. नामिबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सॅम नुयोमा, त्यांच्या आईचं नाव हेल्वी. मिशनऱ्यांबद्दल माझं मत फार कोमल नाही. माणसाचं नाव बदलून त्याला देव देणं हा सौदा मला कधीच पटला नाही. पण ते नाव पुढे ज्याने घातलं त्याच्याबद्दल ऐका.

जन्म १९२४. फिनिश मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकला, महायुद्धात दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यात गेला, खाणीत काम केलं, रेल्वेत केलं. त्याचा देश तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या टाचेखाली. केपटाउनमध्ये त्याने मजुरांची संघटना उभारली. संयुक्त राष्ट्रांना आपलं गाऱ्हाणं ध्वनिफितीवर बोलून, ती फीत मुलांच्या साहसकथेचं एक पुस्तक आतून कोरून त्यात दडवून पाठवली. त्यावरून १९५८ साली त्याला केपटाउनमधून हाकललं. १९६६ ला पकडलं. प्रिटोरियात खटला, तोही असा की कायदा नंतर केला आणि मागच्या तारखेपासून लावला. (नोंदणीत आम्ही मागची तारीख घातली असती तर नोकरी गेली असती.) त्याने न्यायालयाला तोंडावर सांगितलं की आम्ही नामिबियन आहोत, आमच्यावर राज्य करायचा तुमचा हक्क आम्ही मानत नाही. १९६८ साली वीस वर्षांची शिक्षा. रॉबेन बेटावर, मंडेलांच्या सोबत. १ मार्च १९८४ ला सुटकेचा कागद आला तेव्हा साथीदार आत असताना आपण एकट्याने कसं बाहेर पडायचं म्हणून तो अडून बसला होता. त्याला बाहेर काढायला खटपट करावी लागली.

२१ मार्च १९९० ला नामिबिया स्वतंत्र झाला. त्याआधीची निवडणूक ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी मार्त्ती अहतिसारी, फिन. आणि त्यांच्या शांतिसेनेचे प्रमुख आपले लेफ्टनंट जनरल प्रेमचंद, हे मला माहीत नव्हतं आणि वाचून उगाच ताठ बसावंसं वाटलं. तोइवो मंत्री झाला, आधी खाणींचा, मग कामगारांचा, शेवटी तुरुंगांचा. शिक्षेची सोळा वर्षं भोगलेल्या माणसाच्या हाती तुरुंग खातं! २०१७ साली, ब्याण्णव वर्षांचा होऊन गेला.

मुलीने हे वाचून संपवलं तेव्हा बाळ मांडीवर जागं होतं. मी त्याला म्हटलं, "ऐकलंस का रे?" त्याला उचकी लागली होती.

*

तीन महिने संपत आले तेव्हा मुलगी आणि जावई एका रात्री संगणकासमोर बसले. पहिलं नाव त्यांचं केव्हाच ठरलं होतं, ते त्यांचं गुपित आहे म्हणून इथे लिहीत नाही. पण अर्जात स्वतःच्या नावांसाठी चार रकाने. आपल्यासारखा बापाच्या नावाचा वेगळा रकाना तिथे नाही. तिथे जे लिहाल ते मुलाचं स्वतःचंच नाव होतं. जावई म्हणाला, बाकीचे रकाने रिकामे सोडू. माझा जीव खालीवर झाला. वहीत रिकाम्या रकान्यात आम्ही आडवी रेघ मारायचो, नंतर कुणी काही घुसडू नये म्हणून.

"तोइवो लिही," मी म्हणणार होते. जिभेवर आलं होतं.

मुलगी म्हणाली, "आई, इथे पणजोबांचं नाव ठेवतात ना. आबांचं घालू?"

आबा म्हणजे माझे वडील. धोंडू. त्यांच्या आधीची तीन गेली होती. शाळेत मास्तरांनी 'धोंडिराम' केलं, पण घरी, शेतावर, मेल्यावरसुद्धा धोंडूच. त्यांनी आयुष्यभर सहीला आद्याक्षरच वापरलं, पूर्ण नाव लिहायची त्यांना लाज वाटे.

"काहीतरीच," मी म्हटलं. "पोरं चिडवतील."

"कोण चिडवणार इथे? कुणाला काय कळतंय?"

मी आत जाऊन पाणी प्यायले. परत आले तेव्हा अर्ज गेला होता.

पुढच्या आठवड्यात बाळाच्या तपासणीला गेलो. नर्सने कागदावरून सगळी नावं सावकाश, पहिल्या अक्षरावर जोर देत वाचली. दुसऱ्या नावाशी थबकली. "धोन्दु?" तिने विचारलं, अर्थ काय याचा?

मुलीने माझ्याकडे बघितलं. मग तिला म्हणाली, "किवी."

किवी म्हणजे दगड. पंतप्रधानाच्या आडनावातला, तिथल्या कितीतरी आडनावांतला. नर्सने मान डोलावली, त्यात नवल असं तिला काही दिसलं नाही, आणि बाळाचे कपडे काढून त्याला वजनकाट्यावर ठेवलं.